पास मागे द्यायचा

लिहिणारच नव्हतो, पण चैन पडेना. सुभानपुऱ्याच्या बसमध्ये पुढच्या सीटवर एक काका आणि एक दांडगा पोरगा गुजराती वळणाच्या मराठीत बोलत होते.

“काका, खरंच रग्बी क्लब बंद करताय?”

“रविवारी टीम पूर्ण झाली नाही तर बंदच. काल प्रॅक्टिसला कोण? तू, मी अन् वॉचमन.”

“तुमच्या वेळी यायचे ने सगळे?”

“नंदेसरीच्या कारखान्यांत नाइट शिफ्ट करून यायचे! पण पहिलं वर्षभर आम्ही बॉल पुढे फेकत होतो.”

“काय सांगता! पास मागेच द्यायचा ने?”

“कुणाला माहीत होतं? पहिल्या मॅचला रेफरी शिट्टी वाजवून दमला.”

“अन् तुम्ही?”

“दुसऱ्या दिवशी परत ग्राउंडवर. सगळेच्या सगळे.”

माझा स्टॉप मागे गेला. उतरून मित्राला, उन्मेषला, फोन लावला.

“रविवारी रग्बी खेळायला चल.”

“तुला येतं?”

“नाही. पण बॉल मागेच फेकीन, प्रॉमिस.”