चकव्याच्या हाताला हाड नसतं

ऐका रं! अन् त्यो रेडू बंद करा आधी, न्हाईतर उठतो मी.

मार्तंड कासार. गावोगाव बांगड्या भरायचा. बायको यमुना नुकती वारली व्हती. सवाष्ण गेली, म्हणून शेवटचा हिरवा चुडा यानंच भरला तिला. काय वाटलं असंल त्याला? जाऊ द्या.

बाजार उरकून निघाला. अंधार पडलेला. लोक म्हणाले, "खिंडीतनं जाऊ नगंस, चकवा हाय." ऐकतोय कुठला! म्हणाला, "घरी कोण वाट बघतंय माझी?"

चकवा काय करतो, ठावं हाय का? चालत्या माणसाला झोपवतो. पाय चालत्यात अन् माणूस सपनात! आधी एकच चिंच पुन्हा पुन्हा आडवी आली. मग भाकरीचा वास. त्या रानात भाकर? मग दिवा. मग दार. अन् दारात यमुना!

"किती येळ लावला वो? या, बांगड्या भरा मला."

रडलाच त्यो. तिचा हात हातात घेतला. अन् कासाराची सवय ती! हात धरला की आधी हाडं दाबणार, मगच माप काढणार. दाबलं. हाडच न्हाई! नुसतं मऊ, कणकेगत.

आता ऐका. सपनात डोळं फसत्यात, कान फसत्यात. दिवसा तरी आपण कुठं इचारतो त्यास्नी, हे खरं का खोटं? पण हात दिवसभर जे तपासत बसतो, ते झोपेतबी तपासतो. आपसूक. अन् सपनाला कातडं जमतं, आतलं हाड जमत न्हाई.

"तू यमुना न्हाईस," म्हणाला.

"अवं, असं काय करता?" ती रडाया लागली. ओढाया लागली. दिवा मोठा झाला, भाकरीचा वास वाढला, पुन्हा गुंगी आली! यानं आपल्याच बोटांची हाडं दाबली. दाबतच ऱ्हायला. दार गेलं. ती गेली. डोळं उघडलं, तर एक पाय पडक्या विहिरीच्या काठावर अन् दुसरा अधांतरी!

वाचला. म्हणायचं आपलं, वाचला.

पण मग त्यानं धंदाच सोडला. बाया म्हणायच्या, "मार्तंडभाऊ, बांगड्या भरा की." हा कुणाच्या हाताला हात लावीना. मी खडसावून इचारलं. तर म्हणतो कसा, "सवय मोडतोय हाताची. मोडली की जाणार पुन्यांदा. या टायमाला हाडं दाबणार न्हाई."

मोडली एकदाची. आम्हीच वर काढला त्याला, त्याच विहिरीतनं.

म्हणून सांगतो, त्या खिंडीनं जाऊ नका. अन् ज्याचं माणूस गेलंय, त्यानं तर तिकडं तोंडबी करू नये.