टाकीतली हवा

मालोजी : सरक गं छाया, पाईप पोचला तुज्या टेबलापातूर. एक फवारा मारतो, समदी धूळ परत हायवेवर!

छाया : नको मामंजी! आधी तो पाईप खाली ठेवा.

मालोजी : का? चौकातल्या गाड्यांची फिल्टरं याच कॉम्प्रेसरनं साफ करतो मी. तुजा कॉम्प्युटर काय ट्रकपेक्षा भारी हाय?

छाया : माझा एकुलता एक आहे. हा गेला तर फॉर्म भरायचं दुकानच बंद. कर्जतहून हा छोटा ब्लोअर आणलाय, विजेवरचा.

मालोजी : हे केस सुकवायचं खेळणं? सासऱ्याच्या पंक्चरच्या दुकानात टाकीभर हवा, आन सून हवा आणायला कर्जतला जाते! लोक हसतील.

छाया : हसू देत. याला टाकी नाही. खोलीतलीच हवा ओढतो आणि फेकतो, तीही बेतानं. तुमचे चिरंजीव म्हणाले, घरातला व्हॅक्यूम लाव. त्यांनाही नाहीच म्हटलं. त्याच्या नळीत वीज साठते, आतले भाग जळतात.

मालोजी : ते ऱ्हाऊ दे. माज्या हवेत काय इख हाय?

छाया : खांद्यावरचा पांढरा रुमाल पाईपपुढं धरा. दिसेल.

(कॉम्प्रेसरची हवा सुटते, थांबते.)

मालोजी : ओला झाला की गं. आन हे पिवळं काय?

छाया : तेल. टाकीत पाणी साचतं, पंपाचं तेलही येतं. टायरला चालतं, याला नाही.

मालोजी : छाया... गणपतीत तू माहेरी पळसदरीला गेलीवतीस. तवा तुजा पहिला कॉम्प्युटर मीच... तू यायच्या आत लख्ख करून ठेवावा म्हटलं.

छाया : माहीत आहे. उघडला तेव्हा आत तेलाचे थेंब होते.

मालोजी : आन मी सांगत फिरलो, सुनेच्या हाताला मशीन टिकत नाय! तू बोलली का नाईस?

छाया : खूप राग आला होता. पण तुम्ही मायेनं केलं होतं. बोलले असते तर तुम्ही परत या दुकानात पाय ठेवला नसता.

मालोजी : थांब, आलोच मी.

छाया : कुठं निघालात?

मालोजी : धाऊच्या चहाच्या टपरीवर. तिथंच तुला नावं ठेवली, तिथंच सांगतो कुणी घालवला ते.

छाया : सांगा सावकाश. आधी इथं बसा. वायर काढलीय मी. आतला हा पंखा हवेनं गरगरला तर बिघडतो, कुणीतरी धरून ठेवायला लागतो. मला एकटीला जमत नाही.

मालोजी : माजी ही असली काळी बोटं लावू?

छाया : पुसा आणि लावा.

मालोजी : धरला गं. मार फवारा.