मोहरीला पीळ

हेमांगी : काका, पोलीस ठाण्यात नंतर जा. आधी शेत नीट बघू द्या. त्यासाठीच बोलावलंत ना मला ग्वाल्हेरहून?

कान्होजी : बघायचं काय त्यात? कृषी कॉलेजात शिकवतेस ना तू? लिहून दे, शेजारच्या दौलतसिंहानं माझ्या मोहरीवर तणनाशक मारलं. बांधाचा झगडा आहे आमचा. सकाळीच रिपोर्ट केलीय मी.

सुमनताई : त्याच्या मुलीची, उन्नतीची सगाई होती आज. पाहुण्यांच्या देखत पोलिसांनी उठवून नेलं त्याला.

कान्होजी : तू मध्ये बोलू नकोस! शेंडे बघ हेमांगी, कसे वेटोळे घेतलेत.

हेमांगी : बघतेय. पण त्यांच्या बांधाकडची मोहरी तर एकदम ठीक आहे. सगळ्यात खराब विहिरीजवळची. तिकडे कोणी फवारलं?

कान्होजी : मीच. मावा पडला होता, त्याची दवाई. विहिरीपासून सुरू केलं.

हेमांगी : आणि त्याच्या आधी हा फवारणीचा पंप कुठे वापरला?

कान्होजी : गव्हात. बथुआचं तण माजलं होतं. तूच सांगितलेलं तणनाशक. गहू बघ, कसा मस्त उभा आहे! त्याला झालं काही?

हेमांगी : नाहीच होणार. गहू गवताच्या जातीचा. ते औषध त्याच्यात फारसं पसरत नाही, आणि जे शिरतं ते तो मोडून टाकतो. रुंद पानांच्या झाडाला ते जमत नाही. आतून वाढीचा हुकूम सुटल्यासारखं होतं त्याला. वेडंवाकडं वाढतं, पीळ पडतो, मरतं. बथुआ तसाच मेला.

कान्होजी : आणि मोहरी?

हेमांगी : तीही रुंद पानांचीच, काका. दवाईला क्या पता, तुम्ही काय पेरलंय? पंप धुतला होता?

कान्होजी : रिकामा केला होता.

हेमांगी : धुतला होता का?

कान्होजी : तळाशी राहिलं असेल घोटभर. घोटभरानं काय होतं!

हेमांगी : मोहरीला तेवढं पुरतं. पहिल्या टंकीत सगळ्यात जास्त गेलं, म्हणून विहिरीजवळ ही हालत. पुढच्या टंकीत कमी, मग आणखी कमी. बांधापर्यंत पोचता पोचता संपलं.

(कान्होजी विहिरीपासून बांधापर्यंत चालत जातात आणि परत येतात.)

कान्होजी : ठाणेदाराला फोन लावतो. रिपोर्ट मागे घेतो म्हणून.

हेमांगी : फोनवर? दौलतसिंहांना सगळ्यांसमोर नेलंय, काका.

कान्होजी : मग काय करू? त्या उन्नतीच्या सासरच्यांपुढे उभा राहू, या वयात?

हेमांगी : हो.

कान्होजी : ...गाडी काढ. आधी ठाणं. मग त्याला घेऊन त्याच्या अंगणात.

सुमनताई : थांबा, मीही येते.

कान्होजी : तू कशाला? चूक माझी आहे.

सुमनताई : पंप न धुता भरताना मी बघितलं होतं तुम्हाला. ओरडाल म्हणून बोलले नाही.