भिका पुढं पळतो

आमचं गाव अमळनेरकडं, पण मोठ्या भावाच्या मागं मागं सुरतला आलो तेव्हा मिसरूडबी फुटलेलं नव्हतं, अन् पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या डाईंगच्या खात्यात लागलो ते तिथंच म्हातारा झालो, नखं बघा, कडेनं अजून निळी आहेत. तिथं मशीन दुरुस्तीला एक पारशी काका यायचे, केरसीकाका, त्यांनी जेवणाच्या सुटीत मला गिटार शिकवलं, रॉकच्या कॅसेटी ऐकवल्या. काय सांगू तुम्हाला ताई, एक शब्द कळायचा नाही, पण आम्ही खात्यात मशीनच्या आवाजावरून ओरडून बोलणारी माणसं, मला वाटलं हे ओरडून गाणारे तर आपलेच लोक दिसतात.

त्याच खात्यात भिका होता, शिंदखेड्याचा. त्यानं ड्रम धरले. गाणारे बदलत राहिले, आम्ही दोघं नाही बदललो. गणपती, आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीची मिरवणूक, हळद, जिथं बोलावतील तिथं, गाणं अहिराणी अन् गिटार इलेक्ट्रिक, लोक आधी हसायचे, मग नाचायचे.

पण भिकाची एक खोड. शेवटचं कडवं आलं की ताल सोडून पुढं पळायचा. मी पडलो तापट, माझी बायको सुशीला सांगेल तुम्हाला, मी चार लोकांत त्याला बोलायचो, भिक्या, तुझ्या मागं काय कुत्रं लागलंय का. तो डोकं खाजवायचा, म्हणायचा, पुढच्या टायमाला सांभाळू. तीस वर्षं हेच.

रिटायर झालो तेव्हा ठरवलं, आता आपल्या गाण्यांचा अल्बम काढायचा, एकट्याचा. भिकाला सांगितलं, ड्रम मशीनवर घेतो, तू पळतोस. तो बरं म्हणाला, अन् दर रविवारी चहाला यायचा तो यायचा बंद झाला. सुशीला म्हणे, मशीन चहाला येणार आहे का तुमच्याकडं? मी ऐकलं नाही.

उधन्याला हेतलबेनचा स्टुडिओ आहे. तिनं कानात तालाची टिकटिक लावली, मी वाजवलं, शेवटच्या कडव्याला तिनं थांबवलं. पाच वेळा थांबवलं. मी म्हटलं, बेन, तुमचं मशीन मागं पडतंय. ती हसली, काका, मशीन नथी दोडतुं, तमे दोडो छो, म्हणजे पळता तुम्हीच.

मला राग आला. जुनी कॅसेट नेली होती सोबत, म्हटलं ही लावा, ऐका कोण पळतो ते. लावली. ताई, प्रत्येक गाण्यात आधी गिटार पुढं जात होतं, अन् भिका मागनं धावत येऊन मला गाठत होता. मी कॅसेट काढून खिशात टाकली.

तसाच भिकाच्या घरी गेलो. म्हटलं, मीच पळायचो रे. तो म्हणे, माले ठाऊक व्हतं. म्हटलं, मग बोलला का नाही? तर म्हणे, गाणं चालू राहे, तुले एकला कसा सोडू?

मी रडलो, खोटं कशाला बोलू. त्याच्या बायकोनं पाणी दिलं.

मग स्टुडिओत टिकटिक बंद करून दोघांनी वाजवलं. शेवटाला पळालोच आम्ही, हेतलबेन म्हणाली, राहू द्या. अल्बमवर त्याचं नाव टाकायला गेलो तर नको म्हणे, चूक तुझी आहे, नाव तुझंच राहू दे. टाकलं मी तरी, माझ्या नावाच्या वर टाकलं. आता रविवारी येतो चहाला, अन् चार लोकांत मलाच बोलतो. बोलू दे. कानबाई माय त्याला अजून तीस वर्षं देवो, त्यानं माझं ऐकलं तेवढं मला त्याचं ऐकून घ्यायचंय.