तोंडाचं माप

हलू नका. आणि बोलूही नका — तोंडात लगदा असताना बोललात की माप बिघडतं, मग परत पहिल्यापासून. तुम्ही आत्ता विचारलंत ना, दिवसभर लोकांच्या तोंडात बोटं घालायची म्हणजे किळस येत नाही का म्हणून? सगळे विचारतात. खुर्चीत बसायच्या आधी विचारतात आणि तोंड मात्र तसंच घेऊन येतात. तुमच्या हिरडीवर सकाळच्या न्याहारीचा चुरा होता. पुसला मी. काही बोललो? नाही बोललो.

तोंडाची कसली किळस! तोंड ओलं असतं, त्याला वास असतो, उघडलं की काम सुरू. कवळ्या करणाऱ्याने नाक मुरडलं तर खायचं काय? मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते म्हातारबाबा म्हणायचे, ज्याला वास येतो त्याने अत्तराचं दुकान काढावं. शाळा मला फारशी मिळाली नाही, पण हे एक वाक्य पुरलं. किळस येते ती माणसांची. परवाचंच सांगतो — एक जण आला, इस्त्रीचा शर्ट, हातात रुमालाचं गाठोडं. सोडलं तर आत कवळी. म्हटलं, कुणाची? म्हणे वडिलांची, गेल्या महिन्यात गेले ते. म्हटलं, मग? म्हणे, जेमतेम वर्षभर वापरलीय हो, जरा घासून-बिसून आईला बसवून द्याल का? ऐकलंत? बापाचे दात आईच्या तोंडात! मी म्हटलं, चष्मा पण आणा, चपला पण आणा, सगळंच घाला म्हातारीला. तर हसला! वर म्हणतो, "काका, चांगली वस्तू वाया कशाला घालवायची?" वस्तू! रुमालासकट छातीवर फेकली त्याच्या आणि दार दाखवलं. बाहेर पायरीवर त्याची आई बसली होती. एका शब्दाने विचारलं नाही तिने, काय झालं म्हणून. तोंडावर हात ठेवून बसली होती नुसती. उठली आणि गेली त्याच्या मागून. त्या पोरापेक्षा मला तिचाच राग आला — का, ते नाही सांगता येणार.

थांबा, वरचं माप झालं. काढतो. थुंका. चूळ भरा — भांड्यात हो, भांड्यात! बघा, नीट आलंय. आता खालचं. काय म्हणालात? घरी मंडळींना तर फुकटच झकास करून दिली असेल? आ करा. आ. आणखी मोठा.

हं. आता बसा गप्प.

नाही दिली. आमच्या हिने माझा हात कधी तोंडाजवळ येऊ दिला नाही. लग्न झालं त्या आठवड्यातच माझा साबण वेगळा झाला, टॉवेल वेगळा झाला, पिठाच्या डब्याला हात लावायचा नाही, ताटात काही वाढायचं नाही. "दिवसभर कुठंकुठं असतात ती बोटं," म्हणायची. भांडण नाही, आदळआपट नाही — नुसतं सांगायची, पाऊस येतोय, कपडे आत घ्या म्हणावं तसं. मुलीला पहिला दात येत होता तेव्हा मी बोट लावून बघायला गेलो. बापच ना मी? आणि दात तर माझाच धंदा. हिने पोर उचलली नि दुसऱ्या खोलीत गेली. "त्या हातांनी नको." बरं, नको तर नको. मी काय हात जोडणार होतो? मीही मग तिच्या वाटेला गेलो नाही. तिचे दात हलायला लागले, पडले, एकेक करत सगळे गेले — ती बोलली नाही, मी विचारलं नाही. पावाचा मऊ भाग दुधात बुडवून खायची. गालफडं बसली, मनगटं काडीसारखी झाली. आणि मी रोज सकाळी इथं येऊन गावभरच्या तोंडांत दात बसवत होतो. लोक म्हणायचे, तुमच्या मंडळींची तब्येत उतरली हो. मी म्हणायचो, वय झालं.

जीभ खाली. जीभ लुडबुडतेय तुमची.

मग एक दिवस तिचा 'स' शीळ घालायला लागला. नवी कवळी तोंडात गेली की पहिले काही दिवस 'स' शीळ घालतो — तुमचाही घालेल, घाबरू नका. मला काय कळणार नाही? मुलीने आईला गुपचूप मोठ्या रस्त्यावरच्या दवाखान्यात नेऊन करून आणली होती. मला सांगायचं नाही असं ठरलेलं. बरं. मीही ओळखल्याचं दाखवलं नाही. पण ही डावा गाल धरून हिंडायला लागली. पुन्हा दूध, पुन्हा पाव. दुपारी पडताना कवळी काढून झाकणाच्या वाटीत ठेवायची, पाण्यात. तिचा डोळा लागला तशी मी वाटी उघडली. म्हटलं बघू तर, काय दिवे लावलेत. काम चांगलं होतं. खोटं कशाला सांगू, रंग तर माझ्यापेक्षाही सरस होता. डावीकडची कड तेवढी टोचत असणार, ती कुणाच्याही कामात टोचते, परत जाऊन घासून घ्यायची असते. ही कसली जातेय! माझ्यापासून लपवायचं तर परत कधी निघणार? मीच घासली. हलक्या हाताने घासली, गुळगुळीत केली, धुतली, वाटीत ठेवली. वाटीवर झाकण ठेवलं. दुसऱ्या दिवशी शेंगदाणे खाल्ले हिने. दारात चपला घालत होतो मी, तर आतून कुडुम् कुडुम् आवाज. आणि फोनवर मुलीला सांगतेय, मोठ्याने — "हात काय हलका आहे गं, कळलंसुद्धा नाही!" डॉक्टरचा हात. ऐकून घेतलं. निघालो. ते कौतुक गिळायचं म्हणजे दुसऱ्याचा उष्टा घास गिळण्यासारखं.

अजून थोडं. घट्ट होऊ द्या.

आज सकाळी ती वाटी माझ्यापुढे आणून ठेवली तिने. चहाच्या कपाशेजारी. म्हणाली, "आता उजवीकडे टोचतंय." एवढंच. मी म्हटलं, मला काय सांगतेस, ज्याने केली त्याला सांग. तर म्हणाली, "त्या दिवशी पाणी खारट होतं." — सवय हो! धुतल्यावर पाण्यात मिठाची चिमूट टाकायची, बोटांनाच सवय. मला आठवतही नाही टाकल्याचं. तिच्या वाटीत साधं पाणी होतं. म्हणजे कवळी तोंडात घातली तेव्हाच कळलं तिला. म्हणजे ते फोनवर मोठ्याने बोलणं — जाऊ द्या.

मग ती खुर्ची ओढून समोर बसली. खिडकीकडे तोंड करून, उजेडात. कुणी शिकवलं कुणास ठाऊक. आणि तोंड उघडलं. मोठं. बोटाने गाल ओढून दाखवलं — इथं.

तुम्ही विचारलंत ना, किळस. सांगतो. उभा जन्म तोंडं बघितली मी. सडलेली बघितली, पू आलेली बघितली, दारूड्यांची बघितली, भुवईसुद्धा हलली नाही. तिच्या तोंडात वाईट काहीही नव्हतं. स्वच्छ होतं. म्हाताऱ्या बाईचं तोंड असतं तसं, एवढंच. ती शिवताना दोरा दातांनी तोडायची, कट्कन — तेवढेच दात मी तिचे पाहिलेले. आणि मला — माझं बोट पुढे गेलं आणि पोटातून वर आलं. मान फिरवली मी. क्षणभरच. पण ती उजेडात बसली होती आणि मी तिच्या समोर. तिने पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर आलेलं तिने पाहिलं.

तोंड मिटलं. ओठ पुसले. वाटी उचलली, झाकण लावलं. "राहू द्या," म्हणाली, "तुम्हाला उशीर होतोय."

उशीर! मला आजवर कधी कशाला उशीर झालाय?

झालं, घट्ट झालं हे. काढतो. थुंका. पुन्हा थुंका. हनुवटी पुसा, ओघळ आलाय. काय? — मी सल्ला विचारला का तुम्हाला? तुमच्या तोंडात मी हात घातला म्हणून माझ्या घरात तुम्ही तोंड घालायचं? गुरुवारी या, सकाळी, पोट भरून या, त्या दिवशी खाता यायचं नाही. आणि हे काय, हात कशाला पुढे करताय? मिळवायला? हा माझा हात आत्ता तुमच्याच तोंडातून निघालाय. निघा.