जेनेटच्या कपाटातला फ्रॉक

आपल्या कुरुम गावच्या जेनेटचं वेड माहीत आहे ना? व्हिक्टोरिया राणीच्या काळातली बायकांची शिवणकामाची मासिकं जमवते. नवऱ्यालाही हात लावू देत नाही!

लेकीच्या बाप्तिस्म्याला सासूबाई वसईहून आल्या. एका मासिकात बाळाच्या फ्रॉकच्या कटिंगचा कागद होता, आजवर कुणी कात्री न लावलेला. जेनेट बाजार करून परतली, तर सासूबाईंनी तो कापून फ्रॉक बेतलासुद्धा!

"मम्मी, हे काय केलंत?"

"रेघा कापायलाच असतात ना गं?"

बिचारीने कागदाचे तुकडे गोळा करून मासिकात ठेवले. चर्चमध्ये मात्र साऱ्या बायका बाळाच्या अंगातल्या त्या नव्या फ्रॉकभोवती जमल्या. जेनेट जरा खुलतेय, तोच सासूबाई म्हणाल्या, "असे कागद सुनेकडे कपाटभर आहेत. पुढच्या शुक्रवारी घरी या सगळ्या, एकेकीला कापून देते!"