कोपराच्या उंचीवर

—नाही नाही सुतारदादा, दार बदलायचं नाही, आहे तेच आडवं कापून दोन करायचं. खालचं बंद राहील, वरचं उघडं. हसू नका हो. परवा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही तो ह्याच्यावरूनच— समजा, मी घरात चक्कर येऊन पडले. दाराला आतून कडी, आणि ह्याचा हात काही कडीला पोचत नाही. हा म्हणजे माझा मुलगा, तो काय टेबलाखाली— नवीन माणूस आलं की तिथूनच बघत बसतो. तर मी पडलेली, हा शेजारी बसून राहणार, आई झोपलीय म्हणून, आणि बाहेर कळणार कुणाला? बरं, दार सताड उघडं ठेवावं, तर माझी पाठ वळायचा अवकाश, हा रस्त्यावर गाड्यांपुढे. चक्कर कधी आलीय का? छे, एकदाही नाही. चांगली धडधाकट आहे मी. मानसशास्त्र शिकलेय वर— असल्या भीतीला काय म्हणतात ते दुसऱ्याला नीट समजावून सांगेन, स्वतःला मात्र झोपवता येत नाही.

ह्याचे बाबा म्हणाले, विकतचं फाटक आण आणि लाव. फोनवरून सांगायला काय जातं? ते तिकडे लांब, कामावर. येतात तेव्हा निम्मा वेळ झोपूनच असतात, आणि उठवायचं तरी कोणत्या तोंडानं?

काय म्हणालात? मधली बिजागरी? अगबाई, ती नेमकी कापायच्या जागीच येतेय होय. मग काढा ती, आणि दोन्ही भागांना दोन-दोन बसवा. आतून एक कडी द्या, रात्री दोन्ही मिळून एकच दार झालं पाहिजे. फटीवर पट्टी. आणि खालच्या भागाच्या डोक्यावर एक फळी बसेल का, वीतभर रुंद? सहज आपलं— कुणी आलं तर कप ठेवायला. कोण येणार? येईल की कुणीतरी. दूधवाला पिशवी अडकवून जातो, समोरची शिंपीण लांबूनच मान हलवते. बंद दाराशी कोण बोलणार, सांगा. उघडं दिसलं तर जाता जाता एखादं माणूस विचारेल, काय, झालं का काम? तेवढंसुद्धा पुरे.

कुठे कापायचं? थांबा, मी उभी राहते. इथे, माझ्या कोपराशी. असा हात टेकता आला पाहिजे. हं, मारा पेन्सिलीची रेघ.

असे काय बघताय? हो... तो एवढासाच आहे. त्याला ह्यावरून बाहेरचं काहीच दिसायचं नाही. बघा म्हणजे— दार ह्याच्यासाठी म्हणून सांगत होते मघापासून, आणि माप दिलं माझं.

नको, रेघ खाली नका आणू, चढून जाईल तो. राहू द्या आहे तिथंच. जास्तच बोलले मी. तुमचाही खोळंबा. चालवा करवत, मी आपली आत जाते.

काय रे? असं माझ्या कानात नको, टेबलाखालून बाहेर ये. काकांना सांगायचंय ना? मग काकांना सांग, मोठ्यानं.

"काका, दार हळूहळू कापा. आई बोलतेय."